धूर गाळायचा की घालवायचा?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला, ट्रॉल्यांची मापे घेणारा येऊन गेला, की चिमणीचा विषय निघतोच. दुकानात दोन प्रकार दाखवतात. एकीच्या डोक्यावरून सहा इंची पाइप निघतो आणि भिंतीतून बाहेर जातो. दुसरीला, म्हणजे ‘डक्टलेस’ चिमणीला, पाइपच नसतो. ती ओट्यावरची हवा ओढते, जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून गाळते आणि फटींतून त्याच खोलीत परत सोडते. पहिलीसाठी भिंतीला भोक पाडावे लागते, सोसायटीची परवानगी काढावी लागते, पाइप झाकायला सुताराला वेगळे पैसे मोजावे लागतात. दुसरी दोन तासांत भिंतीवर चढते.

विक्रेत्याच्या बोलण्यात या एकाच कामाच्या दोन तऱ्हा असतात, फरक असलाच तर सोयीचा. मला हे मान्य नाही. ज्या घरात गॅस पेटतो तिथे हवा बाहेर टाकणे हेच वायुवीजन. गाळून परत सोडणारी चिमणी फार तर तेलाचा चिकटा आणि वास कमी करते. हे मत कशावर उभे आहे, त्याला अपवाद कोणते आणि बाहेर टाकायची सोयच नसेल तर काय करावे, हे पुढे मांडतो.

ओट्यावरून वर काय जाते

स्वयंपाकाचा धूर दोन ठिकाणांहून येतो: ज्योतीतून आणि कढईतून. निवड करताना या दोहोंचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

ज्योतीचा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्रावर भागतो. सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. एक किलो गॅस पुरता जळला की साधारण 3 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 1.6 किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे 14.2 किलोचे घरगुती सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 43 किलो कार्बन डायऑक्साइड आणि बावीस-तेवीस लिटर पाणी घरातल्या हवेत मिसळते. सिलिंडर दीड महिना पुरले तर नुसत्या ज्योतीचे रोजचे अर्धा लिटर पाणी झाले. भाताची, डाळीची, चहाची वाफ यात धरलेलीच नाही. पावसाळ्यात ओट्यावरच्या कपाटात आतून बुरशी येते, मिठाला पाणी सुटते, तेव्हा सगळा दोष पावसावर जातो. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच उष्णतेमागे त्यातून आणखी जास्त वाफ निघते.

वाफेपेक्षा गंभीर आहे तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो गॅसमध्ये नसतो. हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन ज्योतीच्या उष्णतेत एकत्र येतात आणि तो तयार होतो. त्यामुळे बर्नर स्वच्छ आहे, ज्योत निळी आहे, भांड्याचे बूड काळे होत नाही, एवढ्यावरून हवा निर्मळ आहे असे समजता येत नाही. निळ्या ज्योतीवरून गॅस नीट जळतो आहे आणि कार्बन मोनॉक्साइड कमी आहे एवढेच कळते. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेचा दाह करतो आणि दमेकऱ्यांना तो लवकर जाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली त्याची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमवरून थेट 10 वर आणली, यावरून त्याच्याकडे आता किती गांभीर्याने पाहिले जाते ते कळावे.

कढईतला धूर आपल्या ओळखीचा असतो. तापलेल्या तेलाचे मोठे थेंब उडतात, ते कपाटांच्या दारांवर, पंख्याच्या पात्यांवर, डब्यांच्या झाकणांवर बसतात. पण तेल धुरावू लागले की जे कण निघतात ते संख्येने बहुतेक 100 नॅनोमीटरपेक्षा लहान असतात, केसाच्या जाडीच्या सातशेव्या भागाइतके. ते कुठे बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल उतरतात. डोळे चुरचुरतात ते अतितापलेल्या तेलातून निघणाऱ्या ऍक्रोलिनसारख्या द्रव्यांमुळे. मिरचीचा खकाणा म्हणजे हवेत उडालेले कॅप्सायसिन. ठसका लागतो तो त्याने. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2006 साली उच्च तापमानाला तळण्याच्या धुराचा विचार करून त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा 2अ गटात ठेवले. शांघायमध्ये सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही फुप्फुसाचा कर्करोग का होतो, याचा शोध ऐंशीच्या दशकापासून चालू होता आणि त्यात उघड्या कढईत खूप तापवलेल्या तेलाचा धूर वारंवार पुढे येत होता.

आपल्याकडची फोडणी अर्ध्या मिनिटात आटपते, पण त्या अर्ध्या मिनिटात तेल धुराच्या टोकाला नेलेले असते. ठेच्यासाठी मिरच्या परतणे, सुके बोंबील तव्यावर टाकणे, वांगे थेट ज्योतीवर भाजणे, मे महिन्यातले मसाल्याचे भाजणे, दिवाळीचे तळण हे सगळे त्याच जातीचे काम. उकडीच्या मोदकांना फक्त वाफ असते. कोणत्या घरात काय शिजते यावर चिमणीचा निर्णय ठरायला हवा. दुकानात मात्र हे कोणी विचारत नाही.

कोळसा काय पकडतो

आता या यादीपुढे कोळशाचा फिल्टर ठेवून पाहू. जाळी किंवा बॅफल मोठे थेंब पकडते. हे काम दोन्ही प्रकारच्या चिमण्या सारखेच करतात. त्यानंतरचा सक्रिय कोळसा वासाची द्रव्ये धरून ठेवतो आणि नवा असताना चांगली धरतो. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून जसेच्या तसे पार होतात, कार्बन मोनॉक्साइडही होतो. अतिसूक्ष्म कणांचा मोठा भाग सुटतो. नायट्रोजन डायऑक्साइड नवा कोळसा काही प्रमाणात पकडतो, पण नेदरलँड्समधल्या चाचण्यांत ही क्षमता काही आठवड्यांच्या स्वयंपाकातच बरीच घसरलेली दिसली. आपल्या तेला-मसाल्यापुढे ती त्याहून जास्त टिकेल असे मानायला मला कारण दिसत नाही. हा फिल्टर साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलायचा असतो. बहुतेक घरांत तो चिमणीबरोबर आलेलाच वर्षानुवर्षे राहतो, कारण जाळीसारखा तो काळवंडलेला दिसत नाही आणि धुऊन पुन्हा बसवताही येत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच आहे. कोळसा सर्वांत चांगले काढतो तो वास. आणि वास येतो म्हणूनच तर माणूस खिडकी उघडतो, पंखा लावतो, पोराला बाहेरच्या खोलीत पाठवतो. वास नाहीसा झाला आणि बाकीचे वायू तसेच राहिले, तर खिडकी बंदच राहते. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर हे बरे नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच अपार्टमेंटांत शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह बसवलेला असतो आणि त्याच्याच पोटातला पंखा हवा गाळून परत खोलीत सोडतो. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना फोडणीच्या वेळी धुराचा भोंगा वाजण्याची चिंता असते, ती यामुळेच. पंखा चालू असतो, पण कण घरातून गेलेले नसतात.

तेथलेच एक संशोधन येथे उपयोगी आहे. बाल्टिमोरमधल्या ज्या घरांत गॅसच्या शेगडीला बाहेर जाणारी वाट नव्हती, तेथे काही घरांत शेगडी बदलून विजेची दिली, काही घरांत कोळशासह हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विजेच्या शेगडीने स्वयंपाकघरातला नायट्रोजन डायऑक्साइड निम्म्याने कमी झाला. यंत्राने पहिल्या आठवड्यात सुमारे पाव आणि तीन महिन्यांनी पाचवा हिस्सा. खास हवा गाळण्यासाठी केलेले, रात्रंदिवस चालू शकणारे यंत्र एवढे करते. मग दिवसातून तासभर चालणाऱ्या चिमणीतल्या कोळशाच्या पातळ थराकडून किती अपेक्षा करायची?

गॅसने दमा होतो का, हा वाद संपलेला नाही. 2013 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये दम्याचा धोका 42 टक्क्यांनी जास्त आढळला होता. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी मोठ्या आढाव्यात दम्याबाबत तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. विजेच्या तुलनेत न्यूमोनिया आणि फुप्फुसाच्या जुनाट विकाराचा धोका मात्र काहीसा वाढलेला दिसला. त्याच आढाव्याने हेही दाखवले की लाकूड, शेण्या, कोळसा, रॉकेल यांच्यापेक्षा गॅस कितीतरी बरा. चुलीवरून गॅसवर आलेल्या बाईला गॅस वाईट असे सांगणे अन्यायाचे होईल. गॅसचा धूर बाहेर जाऊ द्या, एवढेच सांगायला हवे.

बाहेर जाण्याची वाट किती जुनी

कोकणातल्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आणि भिंत व छप्पर यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाई. वाड्यांच्या स्वयंपाकघरांत धुराडे असे, नसेल तिथे छपराखाली झरोका. धूर वरच्या माळ्याला लागे, लाकूड काळे पडे, पण त्याला कीड लागत नसे. बियाण्याची कणसे चुलीवर टांगत ती त्यासाठीच. या व्यवस्थेचे कौतुक मात्र जपून करावे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या तोंडावर येणारा धूर कौलांपर्यंत पोहोचण्याआधीच तिच्या छातीत गेलेला असे. संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासातली हवा मोजली. ते काम 1983 साली प्रसिद्ध झाले आणि तेथपासून जगाने या धुराकडे प्रदूषण म्हणून पाहायला सुरुवात केली.

धूर बाहेर टाकण्याने काय साधते, याचा सर्वांत ठाम पुरावा चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागातला आहे. तेथे घरात उघड्या खड्ड्यात धुरकट दगडी कोळसा जाळत आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. सत्तरच्या दशकापासून लोकांनी धुराडे असलेल्या चुली बसवायला सुरुवात केली. कोळसा तोच राहिला, स्वयंपाक तोच राहिला. 1976 ते 1992 या काळातल्या नोंदी तपासून 2002 साली जे प्रसिद्ध झाले त्यात धुराडे बसवलेल्या घरांतल्या पुरुषांचा धोका सुमारे 41 टक्क्यांनी आणि स्त्रियांचा 46 टक्क्यांनी कमी दिसला. इंधनाला हात न लावता, नुसती वाट काढून देऊन. हवा गाळून परत सोडण्याच्या बाजूने असा पुरावा माझ्या वाचनात नाही.

तरीही गाळणारी चिमणी युरोपात इतकी रुजली कशी? जर्मनीत ‘पासिव्हहाउस’ पद्धतीची घरे अशी बांधतात की हवा फटीतूनही जाऊ नये. हिवाळ्यात तापवलेली हवा बाहेर फेकली तर उष्णता वाया जाते, म्हणून तेथे चिमणी तेल आणि वास पकडून हवा आतच सोडते. पण त्या घरात चोवीस तास चालणारी वेगळी यंत्रणा असते. ती स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली हवा सतत बाहेर नेते आणि ताजी हवा तापवून आत आणते. शिवाय त्या घरांत शेगडी बहुतेक विजेची असते. म्हणजे धूर शेवटी बाहेरच जातो, हळूहळू आणि दुसऱ्या वाटेने. आपण त्यातली चिमणी तेवढी उचलली, बाकीची व्यवस्था तिथेच राहिली. पुण्या-मुंबईत उष्णता साठवून ठेवायची गरज तर वर्षातला एकही महिना पडत नाही. एसी चालू असताना गार हवा वाया जाते, ही तक्रार खरी आहे. पण अर्ध्या-पाऊण तासाच्या गारव्यासाठी वर्षभर धूर घरात ठेवणे मला पटत नाही.

आकड्यांतली शक्ती आणि पाइपातली वाट

बाहेर टाकणारी चिमणी घेतली की काम झाले, असेही नाही. खोक्यावर 1200 घनमीटर प्रतितास असा आकडा असतो. आठ बाय दहा फुटांचे, साडेनऊ फूट उंच स्वयंपाकघर घेतले तर त्यातली हवा साडेएकवीस घनमीटर भरते. आकडा खरा धरला तर दर मिनिटाला जवळजवळ एकदा सगळी खोली रिकामी व्हायला हवी. तसे होत नाही, कारण तो आकडा पुढे अडथळा नसताना पंखा किती हवा ढकलतो याचा असतो. पाइप, वळणे, तेलकट जाळी आणि बाहेरचे झाकण लागले की त्याचा निम्मा-तिसरा हिस्साही उरणे अवघड.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की शेगडीवरून उठलेल्या धुरापैकी किती चिमणीच्या तोंडात शिरतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने लोकांच्या घरांत बसवलेल्या चिमण्या तपासल्या. 2012 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांत हे प्रमाण 15 टक्क्यांहून कमी ते 98 टक्क्यांहून जास्त असे पसरलेले होते. मागच्या बर्नरवरचा धूर चांगला पकडला जाई, पुढच्या बर्नरवरचा निसटे. आपल्या ओट्याला हे तंतोतंत लागू आहे. ओटा दोन फूट खोल, चिमणीचे तोंड भिंतीपासून दीड फुटाच्या आसपास, आणि शेगडी मात्र हाताशी यावी म्हणून ओट्याच्या कडेला ओढलेली. कढईचा पुढचा अर्धा भाग चिमणीच्या छायेबाहेरच राहतो. शेगडी वीतभर मागे सरकवली, चिमणी ज्योतीपासून 65 ते 75 सेंटिमीटरवर ठेवली आणि ती शेगडीपेक्षा अरुंद नसली, तर मोटर तीच असूनही धूर जास्त ओढला जातो. स्वयंपाक करताना छताचा पंखा चालू ठेवला तर धुराचा उभा झोत मोडतो आणि चिमणीला तो सापडत नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. चिमणी नेहमीच्या वेगावर लावा आणि पेटवलेली उदबत्ती पुढच्या बर्नरच्या बाहेरच्या कडेपाशी धरा. धूर वळून आत गेला तर ठीक. सरळ वर जाऊन कपाटाला लागला तर फोडणीचा धूरही तिथेच जातो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2023 पासून लागू केलेल्या नियमांत एक गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे. घर जितके लहान, तितकी चिमणी जास्त समर्थ हवी, असे ते नियम सांगतात, कारण लहान घरात धूर विरायला जागाच नसते. 750 चौरस फुटांहून लहान घरात गॅसची शेगडी असेल तर चिमणीने 85 टक्के धूर पकडावा किंवा मिनिटाला 280 घनफूट, म्हणजे तासाला सुमारे 475 घनमीटर हवा बाहेर टाकावी. विजेची शेगडी असेल तर 65 टक्के किंवा 160 घनफूट पुरते. आपल्याकडे विचार नेमका उलटा चालतो. ‘घर लहान आहे, साधी डक्टलेस पुरेल’ असे म्हणतात. मुंबईच्या वन-बीएचकेमध्ये शेगडी आणि झोपायची गादी यांच्यात कधी कधी पंधरा फुटांचेही अंतर नसते. बाहेर टाकण्याची सर्वांत जास्त गरज त्याच घराला आहे.

पाइपाकडे कोणी पाहत नाही, म्हणून एका घरातला पाइप जरा जवळून दाखवतो. पुण्यातला फ्लॅट, बांधून सात-आठ वर्षे झालेली. चिमणी चांगली, बॅफलची. लॉफ्टचे दार उघडले तर आत ऍल्युमिनियमचा सुरळीसारखा लवचिक पाइप. चिमणीवरून निघाल्याबरोबर एक काटकोन, मग लॉफ्टमधून दहा-बारा फूट आडवा, मध्ये रिकाम्या सुटकेसखाली दबलेला, दोन पट्ट्यांच्या मध्ये झोळ पडलेला. झोळाच्या तळाशी बोट लावले तर काकवीसारखे दाट, तपकिरी तेल. पुढे दुसरा काटकोन, आणि भिंतीत आधीचे चार इंची भोक होते म्हणून सहा इंची पाइप तिथे आवळून टेपने गुंडाळलेला. शेवटी तोंड उघडते ते ड्राय बाल्कनीत. बाल्कनीला पावसासाठी सरकत्या काचा लावलेल्या, त्या कायम बंद. वॉशिंग मशीनचे झाकण चिकट, दोरीवरच्या कपड्यांना फोडणीचा वास. आणि ड्राय बाल्कनीचे दार स्वयंपाकघरातच उघडते, म्हणजे बाहेर टाकलेला धूर दहा पावलांचा फेरा घालून परत ओट्यापाशी. या घराने पाइपाचे पैसे मोजले आणि पदरात पडली ती गाळणारी चिमणी, तीही कोळशाविना.

सहा इंचांवरून चार इंचांवर येणे दिसायला किरकोळ वाटते. तेवढीच हवा न्यायची तर प्रत्येक मीटरमागचे घर्षण साडेसात पटींच्या आसपास वाढते. मोटर ओरडते, हवा जात नाही, आवाज सहन होत नाही म्हणून चिमणी बंद होते. म्हणून आतून गुळगुळीत, ताठ पाइप घ्यावा. शेवटपर्यंत सहा इंची ठेवावा. वळणे एक किंवा फार तर दोन असावीत आणि पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. तोंडावर झडप असलेले झाकण हवे. ते नसले तर वारा उलटा शिरतो आणि कबुतरे घर करतात.

आणि जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. तासाला 400 घनमीटर हवा शांतपणे आत यायची तर चार फूट उंचीची खिडकी साधारण वीतभराच्या निम्मी, नऊ-दहा सेंटिमीटर उघडी हवी. ती ओट्याच्या शेजारची नको, नाहीतर वारा धूर उडवतो. हॉलची किंवा समोरची असावी. सगळे बंद ठेवून जोरदार चिमणी लावली तर हवा जिथून मिळेल तिथून येते: बाथरूमच्या जाळीतून, ड्रेनेजच्या वासासकट. घरात गॅस गिझर असेल तर हा प्रकार धोक्याचा आहे. गिझरच्या जळालेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि बाहेर निघालेला तो वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो. गॅस गिझर आणि मोठी चिमणी एकाच वेळी, खिडक्या बंद ठेवून कधीही चालवू नयेत.

भिंत फोडता येत नसेल तर

असे प्रसंग खरे असतात. घर भाड्याचे असते, मालक नाही म्हणतो. स्वयंपाकघर इमारतीच्या मध्यभागी असते आणि बाहेरची भिंत तीन खोल्या पलीकडे. ओट्यामागे बीम येतो. किंवा खिडकी अरुंद शाफ्टमध्ये उघडते आणि खालच्या मजल्यावरचा खकाणा वरच्यांच्या घरात जातो म्हणून सोसायटीत भांडणे होतात. बोंबिलावरून निघालेली भांडणे तर धुराच्या पलीकडे जातात.

अशा वेळी लोक डक्टलेस चिमणीकडे वळतात. मी आधी खिडकीकडे पाहीन. खिडकीची एक काच काढून तिथे बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला तर तो डक्टलेस चिमणीपेक्षा स्वस्तात प्रत्यक्ष हवा बाहेर टाकतो. त्याची मर्यादा अशी की तो लांब पाइपातून हवा ढकलू शकत नाही आणि धूर खोलीत पसरल्यावर मग ओढतो, त्यामुळे कपाटांवर चिकटा बसतोच. तो शेगडीच्या जवळ आणि शक्य तितका वर असावा, आणि हवा आत येण्याची वाट समोरच्या बाजूला.

त्यानंतर शेगडी. इंडक्शनवर ज्योत नाही, म्हणून नायट्रोजन डायऑक्साइड नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, जळण्याची वाफ नाही. उरतात तेलाचे कण, वास आणि भांड्यातली वाफ. येथे गाळणाऱ्या चिमणीला अर्थ येतो, तोही फिल्टर वेळेवर बदलला तर आणि अधूनमधून खिडकी उघडली तर. चहा, भात, डाळ, दूध इंडक्शनवर आणि फुलके, भाकरी, भरताचे वांगे तेवढे गॅसवर अशी वाटणी केली तरी ज्योतीचे तास बरेच कमी होतात. चिमणीच्या बजेटातच हे बसते.

डक्टलेस चिमणी आधीच बसलेली असेल तर ती काढून टाकायचे कारण नाही. ती तेल पकडते म्हणून ठेवावी आणि तिच्या जोडीला एक्झॉस्ट लावावा. फोडणीच्या आधी दोन मिनिटे आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे हवा बाहेर जात राहिली पाहिजे, कारण बारीक कण सावकाश निघतात. जाळ्या महिन्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवाव्यात. ऍल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावला तर ती खाल्ली जाते.

खरा उपाय इमारत बांधतानाच करायचा असतो. चीनच्या निवासी टॉवरांमध्ये स्वयंपाकघरांच्या ओळीने तळापासून गच्चीपर्यंत सामाईक धुराडे नेतात आणि प्रत्येक घराच्या जोडावर एकाच दिशेने उघडणारी झडप असते, म्हणजे खालच्यांचा धूर वरच्यांकडे शिरत नाही. आपल्याकडे पंचवीस मजल्यांच्या इमारतीत क्लब हाउस आणि पोहण्याचा तलाव असतो, पण फोडणीचा धूर कुठून जाणार याचे उत्तर नकाशावर नसते. प्रत्येक घर आपापला मिस्त्री आणून भिंतीला हवे तिथे भोक पाडते, आणि मग वरच्या मजल्याची तक्रार येते.

म्हणून घर नोंदवताना नकाशा हातात घेऊन तीन गोष्टी बिल्डरला विचाराव्यात आणि त्याच्याकडून लिहून घ्याव्यात. ओट्याच्या भिंतीत सहा इंची स्लीव्ह ठेवली आहे का. ती उघड्या हवेत उघडते की बंद होणाऱ्या ड्राय बाल्कनीत. आणि तिच्या वाटेत बीम किंवा वरच्या घराची खिडकी येते का. जुन्या सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत सर्व मजल्यांसाठी पाइपाचे तोंड कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर आणि कोणत्या प्रकारच्या झाकणासह काढायचे हे एकदा ठरवून तसा ठराव करावा आणि त्या जागेसाठी मागितलेली परवानगी अडवू नये.